झांबियातल्या दूरच्या खेड्यात गाव स्वतःची शाळा कशी काढते

झांबिया हा आफ्रिकेच्या दक्षिण भागातला, चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला देश. क्षेत्रफळ सुमारे साडेसात लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास अडीचपट. लोकसंख्या मात्र २०२२ च्या जनगणनेत १ कोटी ९६ लाख भरली. एका चौरस किलोमीटरमागे सरासरी २६ माणसे. राजधानी लुसाका आणि तांब्याच्या खाणींची शहरे वगळली, तर खेड्यापाड्यांत वस्ती याहूनही विरळ. वीस-पंचवीस घरांची एक वाडी, मग लांबच लांब रान, मग दुसरी वाडी. अशा मुलखात सरकारने शाळा कुठेही बांधली, तरी कुणाच्या तरी लेकराला सात-आठ किलोमीटर चालावेच लागते.

तिथे पहिलीत जायचे वय आजवर सात वर्षे राहिले आहे. सात वर्षांच्या मुलाला रोज जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर चालवत नाही. मध्ये ओढा असतो, पावसाळ्यात तो भरून वाहतो. लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात वाटेवर हत्तीही असतात. म्हणून आईबाप मुलाला नऊ-दहा वर्षांचे होईपर्यंत घरीच ठेवतात. मुलगी दहाव्या वर्षी पहिलीत बसली, की सातवी संपेपर्यंत ती सतराची होते, आणि बहुतेक वेळा त्याआधीच तिची शाळा सुटते. अंतर हे शिक्षणातले फार मोठे कारण आहे आणि त्याची दखल मात्र फार कमी घेतली जाते.

या अंतरावर झांबियातल्या लोकांनी स्वतः शोधलेला उपाय म्हणजे सामुदायिक शाळा. गावाने जागा दिलेली, गावाने चालवलेली, गावाने शिक्षक नेमलेली शाळा. ती खासगी नसते, कारण तिच्यातून कुणी नफा काढत नाही. ती सरकारीही नसते, कारण तिचा शिक्षक सरकारी पगारावर नसतो, निदान सुरुवातीला तरी नसतो. ती कशी सुरू होते, कशावर चालते आणि कशाने बंद पडते, हे या लेखात नीट उलगडून सांगायचे आहे. बाहेरून मदत करू पाहणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी इमारत उभी राहते. मला वाटते, आधी शिक्षकाचे घर कशावर चालणार ते पाहिले पाहिजे.

तांबे, कर्ज आणि आजार

झांबिया २४ ऑक्टोबर १९६४ रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा साऱ्या देशात पदवीधर आफ्रिकी माणसे जेमतेम शंभराच्या आसपास होती. नव्या सरकारने तांब्याच्या पैशातून झपाट्याने शाळा बांधल्या. तेव्हा देशाच्या निर्यातीतली नव्वद टक्क्यांहून अधिक कमाई एकट्या तांब्याची होती. १९७४-७५ च्या सुमारास जगात तांब्याचे भाव कोसळले, तेलाचे चढले, आणि सरकार कर्जात रुतले. पुढच्या वीस वर्षांत कर्ज देणाऱ्या संस्थांच्या अटींखाली खर्चाला कात्री लागली. शाळांच्या दुरुस्त्या थांबल्या, शिक्षकांचे पगार महागाईत विरघळले, आणि फी, गणवेश, वह्या हा सगळा भार पालकांवर आला.

त्यातच एड्सची साथ. २००१-०२ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातले सुमारे १६ टक्के लोक बाधित आढळले. आईबाप गेले, मुले आजी-आजोबांकडे किंवा मावशी-काकांकडे आली. एका घरात आधीच पाच मुले असताना आणखी तीन आली, तर फी कुणाकुणाची भरायची? शिक्षकही मोठ्या संख्येने मरत होते. ज्या मुलांना शाळेची सर्वांत जास्त गरज, तीच शाळेबाहेर राहिली.

१९९२ मध्ये लुसाकाच्या मिसिसी या गरीब वस्तीत अशा मुलांसाठी एक शाळा सुरू झाली. फी नाही, गणवेशाची सक्ती नाही. तिच्यातूनच पुढे झांबिया ओपन कम्युनिटी स्कूल्स ही संस्था वाढली. हे लोण शहरातून खेड्यांत गेले, आणि तिथे त्याला वेगळेच बळ मिळाले, कारण खेड्यात गरिबीच्या जोडीला अंतरही होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा शाळा मोजक्याच होत्या. पुढच्या पंधरा वर्षांत त्यांची संख्या हजारोंत गेली. त्या काढण्याचा हुकूम कुणी दिला नव्हता. ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या गरजेपोटी त्या काढल्या. सरकारने २००२ मध्ये पहिली ते सातवीची फी रद्द केली, तरी त्या बंद पडल्या नाहीत. फी गेली, अंतर तसेच राहिले. अखेर २०११ च्या शिक्षण कायद्याने सामुदायिक शाळेला तिचे स्वतंत्र स्थान दिले.

गावाने शाळा काढायची ही रीत आफ्रिकेत इतरत्रही आहे. केनियात स्वातंत्र्यानंतर हरांबी या नावाने लोकांनी वर्गणी काढून शेकडो माध्यमिक शाळा उभ्या केल्या. मालीच्या कोलोंदिएबा भागात १९९२ पासून गावशाळांचा एक प्रयोग झाला. दोन खोल्या, गावातलाच शिक्षक, शिकवणे बंबारा या तिथल्या बोलीत, आणि वर्गात मुलगे व मुली समसमान. तपशील देशागणिक बदलतात. झांबियाचा अनुभव सर्वांत सविस्तर सांगता येतो, म्हणून त्यालाच धरून पुढे जाऊ.

आधी हेडमन, मग चीफ, मग डेब्स

झांबियातली बहुतेक ग्रामीण जमीन पारंपरिक मालकीची आहे. ती कुणाच्या सातबाऱ्यावर नसते. गावप्रमुख, ज्याला तिथे हेडमन म्हणतात, आणि त्याच्या वरचा चीफ यांच्या संमतीने ती वापरायला मिळते. म्हणून शाळेची पहिली सभा हेडमनच्या अंगणात किंवा इन्साकाखाली भरते. इन्साका म्हणजे गावकऱ्यांनी बसण्यासाठी उभारलेला, बाजूंनी मोकळा, गवताने शाकारलेला मांडव. गंमत नाही, पण अनेक शाळांचा पहिला वर्गही त्याच मांडवाखाली भरलेला असतो.

या सभेतला सर्वांत नाजूक प्रश्न जागेचा. चार-पाच वाड्या मिळून एक शाळा काढणार असतील, तर प्रत्येक हेडमनला ती आपल्याकडे हवी असते. यात घाई केली तर पुढे दहा वर्षे एक वाडी शाळेकडे पाठ फिरवते. तिची मुलेही येत नाहीत आणि तिची माणसे विटा पाडायलाही येत नाहीत. शहाणी मंडळी आधी सगळ्या वाड्यांतली मुले मोजतात, कोणाला किती चालावे लागेल ते प्रत्यक्ष चालून पाहतात, आणि मगच मधली जागा ठरवतात.

त्यातही दोन पथ्ये आहेत. एक, जागा डांबोत नको. डांबो म्हणजे उन्हाळ्यात हिरवेगार, सपाट, देखणे दिसणारे आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात जाणारे गवताळ खोलगट रान. दुसरे, पाणी लागते की नाही ते आधी पाहावे, भिंती नंतर. हा क्रम उलटला, की मुलांना शाळेच्या वेळेत लांबून पाणी आणावे लागते, आणि ते काम बहुतेक वेळा मुलींच्याच डोक्यावर येते. जागेत नुसत्या खोल्या धरून चालत नाही. शिक्षकांची घरे, संडास, खेळायचे मैदान, भाजीचा मळा, पुढे वाढणारे वर्ग, एवढे सगळे त्यात बसावे लागते. जागा ठरली की चीफची संमती लेखी घ्यायची. तोंडी शब्द देणारा चीफ उद्या नसेल, आणि त्याच्या वारसाला तो शब्द ठाऊक नसेल.

मग समिती. पालक आणि गावकरी यांची ही समिती शाळेची खरी मालक. हिशेब तीच ठेवते, शिक्षक तीच निवडते, भांडणे तीच मिटवते. तिच्यात हेडमनची भावकीच भरली, तर शाळा एका घराण्याची होते. बायका नुसत्या नावाला असल्या, तर पाणी, संडास आणि मुलींची गळती हे विषय सभेत कधी निघतच नाहीत. हिशेबाची वही सर्वांसमोर वाचून दाखवायची सवय पहिल्या वर्षीच लागली, तर ती टिकते.

यानंतर जिल्ह्याच्या गावी जाऊन डेब्सला भेटायचे. डिस्ट्रिक्ट एज्युकेशन बोर्ड सेक्रेटरी हे लांबलचक पदनाम तिथे सगळे डेब्स असेच म्हणतात. आपल्याकडचा जिल्हा परिषदेचा शिक्षणाधिकारी डोळ्यांसमोर आणा. त्यांच्याकडे शाळेची नोंद झाली, की ती सरकारच्या वार्षिक शाळा-गणनेत येते. हे कागदी काम वाटते, आणि कितीतरी गावे ते पुढे ढकलतात. पण पाठ्यपुस्तके याच यादीवरून वाटली जातात, अनुदानही, आणि कधीतरी मिळणारा सरकारी शिक्षकही. जवळच्या मोठ्या सरकारी शाळेच्या केंद्राशी नवी शाळा जोडली जाते आणि तिथे शिक्षकांची प्रशिक्षणे होतात. सातवीच्या परीक्षेसाठीही नोंद लागते. जी शाळा परीक्षा केंद्र नाही, तिची मुले दुसऱ्या शाळेत जाऊन पेपर देतात. नव्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेची ही रचना आता बदलते आहे, पण नोंदीचे महत्त्व तसेच आहे. यादीत नसलेली शाळा सरकारच्या लेखी नसतेच.

शिक्षकाचे घर कशावर चालते

आता मुख्य विषय. दूरच्या खेड्यातल्या नव्या शाळेला प्रशिक्षित शिक्षक मिळत नाही. जो मिळतो तो गावातलाच एखादा तरुण किंवा तरुणी. बारावीपर्यंत शिकलेली, कधी नववीपर्यंतच. तिला स्वयंसेवक शिक्षक म्हणतात. या नावामुळे एक गैरसमज होतो, की ही माणसे सेवाभावाने जगतात. सेवाभाव असतोच, पण त्यांनाही मुले असतात, शेत असते, आणि शाळेचे तास नेमके शेतीच्या वेळेत असतात.

गाव तिला काय देते? रोख रक्कम क्वचितच, कारण गावात रोख पैसा फक्त पीक विकल्यावर येतो. साधारणपणे मका, कोंबडी, तेल, साबण, आणि शेतावर श्रम. समजा साठ घरे आहेत आणि प्रत्येकाने हंगामाला दोन मेडा मका द्यायचे ठरले. मेडा हे तिकडच्या बाजारातले मापाचे भांडे. ते पाच किलोचे धरले, तर साठ घरांचे सहाशे किलो होतात. कागदावर हे बरे दिसते. सहा जणांचे कुटुंब त्यावर सात-आठ महिने काढेल. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी साठांपैकी पन्नास घरे देतात. दुसऱ्या वर्षी ज्यांनी दिले ते म्हणतात, त्यांनी दिले नाही तर आम्हीच का? तिसऱ्या वर्षी पाऊस दगा देतो आणि कुणाकडेच देण्यासारखे काही उरत नाही. मग शिक्षिका आठवड्यातून तीन दिवस येते, पुढे दोन, आणि एक दिवस शहरात काम शोधायला निघून जाते. ज्या सामुदायिक शाळा बंद पडतात, त्यातल्या बहुतेक याच वाटेने जातात. कुणाचे वाईट वागणे याच्या मुळाशी नसते. गरीब गावावर दरवर्षी ठरावीक देण्याचा जो भार पडतो, तो त्याला पेलत नाही.

यातून वाट काढणाऱ्या गावांच्या काही रीती सांगण्यासारख्या आहेत. धान्य गोळा करण्याऐवजी श्रम गोळा करायचे, कारण श्रम दुष्काळातही देता येतात. पेरणीच्या दिवसांत प्रत्येक वाडीने शिक्षिकेच्या शेतावर एक एक दिवस राबायचे. तिचे शेत वेळेवर पेरले गेले, की ती वर्गात उभी राहू शकते. दुसरी रीत शाळेच्या सामाईक शेताची. मका किंवा भुईमूग लावायचा, गावाने तो काढायचा, आणि विक्रीचा पैसा शिक्षकासाठी वेगळा ठेवायचा. त्यात एक धोका आहे. हे शेत मुलांकडून राबवून घेतले जाऊ लागते. त्यावर समितीने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

आणि घर. बाहेरगावचा शिक्षक नेमायचा असेल, तर राहायला नीट घर असणे ही पहिली अट. सरकारने २०२२ मध्ये एका झटक्यात ३० हजारांहून अधिक शिक्षक भरले. त्यातले काही दूरच्या शाळांवर गेले. पण जिथे झोपायला खोली नाही, नेटवर्क नाही, आणि पगार काढायला दिवसभराचा प्रवास, तिथून माणूस बदली मागतो. त्याला दोष देता येत नाही. म्हणून माझ्या मते गावाकडे एकच बांधकाम करण्याइतके पैसे असतील, तर चौथ्या वर्गखोलीऐवजी शिक्षकाचे घर बांधावे. वर्ग झाडाखाली भरू शकतो. संसार झाडाखाली होत नाही.

आपल्याकडच्या वस्तीशाळा आठवून पाहा. शाळा नसलेल्या वाड्या-तांड्यांवर गावातलीच तरुण मुले-मुली तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे शिकवत राहिली. पुढे त्या शाळा जिल्हा परिषदेच्या नियमित शाळा झाल्या, आणि शिक्षकांना कायम होण्यासाठी दीर्घ काळ झगडावे लागले. झांबियातला स्वयंसेवक शिक्षक त्याच जागी उभा आहे.

शिकवायचे काय आणि कोणत्या भाषेत

प्रशिक्षण नसलेला शिक्षक, एका खोलीत तीन इयत्ता, आणि पहिलीच्या बाकावर सात वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची मुले. सुरुवातीच्या सामुदायिक शाळांपुढे असा गुंता होता. त्यावर झांबियाने काही हुशार तोडगे काढले. स्पार्क नावाचा एक अभ्यासक्रम तयार झाला. त्यात प्राथमिकची सात वर्षे चार वर्षांत बसवली होती, उशिरा शाळेत आलेल्या मुलांसाठी.

दुसरा तोडगा रेडिओचा. २००० पासून सरकारच्या शैक्षणिक प्रसारण विभागाने ‘टाओंगा मार्केट’ हा कार्यक्रम सुरू केला. रोज अर्धा तास. रेडिओवरची शिक्षिका प्रश्न विचारते, मुलांच्या उत्तरासाठी थांबते, गाणे म्हणायला लावते, आणि वर्गातल्या मार्गदर्शकाला आता काय करायचे ते सांगते. किल्ली फिरवून किंवा उन्हावर चालणारे रेडिओ गावोगाव दिले गेले. म्हणजे एकाच वेळी मूलही शिकत होते आणि त्याला शिकवणारी माणसेही. ज्या गावात नववी शिकलेला एकच माणूस होता, तिथेही वर्ग भरू लागला. या शाळांची मुले सरकारी शाळांच्या तुलनेत फार मागे पडली नाहीत, असे तेव्हाच्या पाहण्यांत दिसले. मला त्यात त्या मार्गदर्शकांचे मोठे कर्तृत्व दिसते.

भाषेचा प्रश्न सरकारी शाळांनाही आहे. झांबियात सत्तरच्या आसपास बोलीभाषा, राजभाषा इंग्रजी, आणि शाळेसाठी मान्य स्थानिक भाषा सात : बेंबा, न्यांजा, टोंगा, लोझी, काओंदे, लुंडा आणि लुवाले. २०१४ पासून पहिली ते चौथी शिकवण्याचे माध्यम स्थानिक भाषा ठरले. गावातलाच शिक्षक असलेल्या शाळेला हे सहज जमते, कारण शिक्षक आणि मुले घरी एकच बोली बोलतात. दूरच्या प्रांतातून आलेल्या पदवीधराला ते जमेलच असे नाही. स्वयंसेवक शिक्षकाचे हे बळ फार कमी मोजले जाते.

आणि इथे मुंबईचा एक खरा धागा येतो. १९९५ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या अनुभवातून एक पद्धत घडत गेली. पाचवीतल्या मुलाला वाचता येत नसेल, तर त्याला पाचवीचे पुस्तक देऊन उपयोग नाही. त्याला काय येते ते दोन मिनिटांत तपासायचे, इयत्ता बाजूला ठेवून सारख्या पातळीची मुले एकत्र बसवायची, आणि तिथून पुढे न्यायचे. मुंबई आणि बडोद्यात ‘बालसखी’ म्हणून काम करणाऱ्या वस्तीतल्याच तरुण मुलींनी मागे पडलेल्या मुलांना शिकवले, तेव्हा फरक पडतो हे अभ्यासातून दिसले. झांबियाच्या शिक्षण मंत्रालयाने २०१६ च्या सुमारास हीच पद्धत ‘कॅच अप’ या नावाने काही शाळांत करून पाहिली, आणि नंतर ती शेकडो शाळांत नेली. तिसरी ते पाचवीची मुले, रोज साधारण तासभर, स्थानिक भाषेत वाचन आणि साधी आकडेमोड. गावातला अप्रशिक्षित शिक्षक नीट आखून दिलेल्या पद्धतीने चांगले शिकवू शकतो, हा विश्वास कुर्ला-धारावीसारख्या वस्त्यांच्या शहरात कमावला गेला आणि झांबियाच्या खेड्यांत उपयोगी पडला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

विटा, पाणी, संडास

बांधकामाचा मोसम मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबरात पाऊस लागला की कच्च्या विटा विरघळतात आणि रस्ते तुटतात. विटांसाठी सर्वांत चांगली माती वारुळाची. झांबियात माणसापेक्षा उंच वारुळे जागोजाग आहेत, आणि ती माती चिकट, बारीक असते. साच्यात विटा पाडायच्या, वाळवायच्या, भट्टी रचून भाजायच्या. भट्टीला लाकूड खूप लागते, आणि रान तुटते हा या कामाचा जड हिशेब आहे. वाळू, खडी, पाणी आणि मजुरी गावाची, सिमेंट, पत्रे आणि गवंडी बाहेरच्या पैशातून, अशी वाटणी बहुतेक मदत योजनांत असते. तीन वर्गखोल्यांची एक रांग हे तिथले नेहमीचे माप.

हा पैसा आता कुठून मिळू शकतो, तेही सांगायला हवे. सरकारचा मतदारसंघ विकास निधी २०२२ मध्ये प्रत्येक मतदारसंघामागे १६ लाख क्वाचांवरून २ कोटी ५७ लाख क्वाचांवर गेला. क्वाचा हे तिथले चलन. वर्गखोल्या आणि बाके यांच्यासाठी गावाने पहिला अर्ज तिथे करावा. परदेशी देणगीदाराच्या आधी आपल्या हक्काचे दार ठोठवावे.

पाण्याची गोष्ट पुन्हा महाराष्ट्राकडे वळते. झांबियाच्या शाळांत आणि गावांत सर्वत्र दिसणारा हातपंप म्हणजे इंडिया मार्क टू. तो १९७० च्या दशकात भारतात घडला, आणि त्याची मूळ रचना सोलापूर पंपावरून घेतलेली. दुष्काळी सोलापूरसाठी केलेले यंत्र आज आफ्रिकेच्या शाळेत पाणी देते. पण झांबियाच्या काही भागांत भूजल आम्लधर्मी आहे, आणि त्यात पंपाचे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप लवकर गंजतात. पाणी लालसर येते, चव बिघडते, आणि लोक पुन्हा ओढ्यावर जातात. तेव्हा पंप बसवणाऱ्याला पाइप कसले वापरणार हे आधी विचारावे. आणि दुरुस्ती कोण करणार हेही. तिथे एरिया पंप मेंडर नावाचे प्रशिक्षित गावकरी असतात. त्यांना द्यायची रक्कम आणि सुट्या भागांचा पैसा समितीने बाजूला ठेवलेला असला, तर पंप दोन दिवसांत सुरू होतो. नसला, तर वर्षभर बंद पडून राहतो.

संडास मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे, दाराला आतून कडी. शेजारच्या झिम्बाब्वेत विकसित झालेला, हवा खेळवणाऱ्या नळीचा खड्ड्याचा संडास स्वस्त आहे आणि माश्या व वास आवरतो. मोठ्या मुलींची शाळा टिकवण्यासाठी याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

भुकेचे महिने

झांबियाचे शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते. नेमके तेव्हा गेल्या वर्षीचा मका संपत आलेला असतो, आणि नवे पीक एप्रिलच्या आसपास हाती येते. मधले महिने उपासमारीचे. नवी पाटी घेऊन पहिलीत आलेले मूल तेव्हा सकाळी काही न खाता आलेले असते. २०२४ चा दुष्काळ इतका मोठा होता, की २९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. अशा वर्षी शाळेत मिळणारे वाटीभर शिजवलेले अन्न हीच हजेरीची किल्ली असते. सरकारची शालेय आहार योजना आहे, आणि तिच्यात स्थानिक शेतकऱ्यांकडून धान्य घेण्यावर भर आहे. ती पोचत नसेल, तर गावातल्या बायका पाळीपाळीने मक्याची पातळ पेज शिजवतात. पहिल्या वर्षाची आखणी करताना जानेवारी ते मार्च या तिमाहीचे धान्य आदल्या हंगामातच बाजूला काढून ठेवावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

पश्चिमेला झांबेझी नदीच्या पूरमैदानात आणखी वेगळा हिशेब. तिथे पूर आला की लोक उंचवट्यावर राहायला जातात. शाळेला त्यांच्यामागे जाता आले नाही, तर मुले महिनोन् महिने घरी राहतात.

सरकारी झाल्यावर

बहुतेक गावांना आपली शाळा कायम सामुदायिक ठेवायची नसते. त्यांना ती सरकारी व्हायला हवी असते, आणि ते अगदी रास्त आहे. शहरातल्या माणसाला शाळा बांधावी लागत नाही, शिक्षकाला मका द्यावा लागत नाही. मग गरीब खेड्यातल्या माणसानेच ते का करावे? गावाची वर्गणी ही सरकारच्या जबाबदारीची जागा कायमची घेऊ लागली, तर तो अन्याय आहे. जानेवारी २०२२ पासून माध्यमिकपर्यंत शिक्षण मोफत झाले, शाळांमध्ये मुलांची गर्दी उसळली, आणि सामुदायिक शाळा ताब्यात घेण्याची मागणीही वाढली.

शाळा सरकारी झाली की प्रशिक्षित मुख्याध्यापक येतो, पगारी शिक्षक येतात, बाके येतात. आणि दहा वर्षे मक्यावर शिकवलेल्या बाईंना अनेकदा जागा उरत नाही, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. हे टाळता येते, पण त्यासाठी तयारी आधीपासून लागते. नोंदणी झाल्या वर्षापासूनच एकेका स्वयंसेवक शिक्षकाला सुट्ट्यांत चालणाऱ्या दूरशिक्षण अभ्यासक्रमाला पाठवायचे. बाहेरून मदत देऊ करणारा विचारेल, काय हवे? तर सर्वांत आधी या प्रशिक्षणाची फी मागायची. ज्यांना ते जमणार नाही, त्यांना बालवर्गावर किंवा ‘कॅच अप’च्या तासाला मानधनावर ठेवावे, असा ठराव समितीने हस्तांतराच्या अर्जाबरोबरच करावा, त्याची एक प्रत डेब्सकडे द्यावी आणि एक शाळेच्या दप्तरात ठेवावी. नव्याने आलेल्या मुख्याध्यापकाला आधीची दहा वर्षे माहीत नसतात, आणि त्याला ती कळायला दप्तराशिवाय दुसरे साधन नसते.